पाणी आलेच नाही तर

(वार्षिक स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ आपण दरसाल या वाचनालयाच्या ओसरीवर जमतो, त्यांनी आयुष्यात एकही ग्रंथ लिहिला नाही, एकाही परिषदेचे अध्यक्षपद भूषविले नाही, आणि शाळाखात्याच्या दफ्तरात त्यांच्या नावापुढे नेमणूक, बदली व निवृत्ती या तीन नोंदींपलीकडे चौथी नोंद कोणास सापडावयाची नाही. परंतु खाडीकाठच्या ज्या पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या, त्यांना त्यांनी शिकविलेले एक गणित जन्मभर पुरले. तिथीला तिनाने गुणावे, चाराने भागावे, की भरतीची वेळ हाती येते. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहा वाजता पाणी पूर्ण चढलेले असावयाचे. हे गणित मास्तरांचे नव्हे. ते कोकणच्या किनाऱ्यावर घरोघर चालत आलेले आहे. पण त्यातली चूकही दाखवून देणे हा मास्तरांचा विशेष होता. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते आणि आपला हिशेब मात्र पंचेचाळीसच मिनिटे धरतो. तेव्हा रोजची ही पाच मिनिटे तुंबत जातात, आणि पौर्णिमेची सव्वाअकराची वेळ प्रतिपदेला एकदम पाऊण वाजल्यावर जाते, म्हणजे थकबाकी एका दिवसात वसूल होते, असे ते सांगत.

एके दिवशी हे गणित फळ्यावर चालू असता मागच्या बाकावरच्या एका कोळ्याच्या मुलाने विचारले, "गुरुजी, पानी आयलाच नाय तर?" वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. "काय काय थांबेल ते उद्या लिहून आण," एवढेच ते म्हणाले, आणि मग सगळ्या वर्गाकडे पाहून, "सगळ्यांनीच आणा." तो गृहपाठ मी केला नव्हता. व्याख्यानमालेच्या चालकांचे निमंत्रण आले तेव्हा विषय सुचेना, आणि मग ध्यानात आले की विषय पाटीवर केव्हाचाच लिहून ठेवलेला आहे.

प्रथम एक घोटाळा दूर करणे अवश्य आहे. भरती थांबली म्हणजे समुद्र निश्चल झाला, अशी कल्पना पुष्कळांच्या मनात येते. ती खरी नव्हे. लाटा वाऱ्याच्या आहेत आणि वारा वाहील तोवर त्या राहतील; ज्येष्ठ-आषाढातला दर्या आजच्यासारखाच खवळेल; मोसमी वाऱ्यांनी अरबी समुद्रात ढकललेले प्रवाह आपली दिशा सहा महिन्यांनी आजच्यासारखीच फिरवितील; वादळ आले तर त्याच्या पुढ्यात चढणारे पाणीही चढेलच. नाहीसे होईल ते केवळ पाण्याचे ते चढणे-उतरणे, जे कोणाच्या वाऱ्यावर अवलंबून नाही आणि जे बारा तास पंचवीस मिनिटांच्या अंतराने, आपण झोपलो असलो काय आणि जागे असलो काय, पुन्हा पुन्हा येते.

हे चढणे-उतरणे थांबवावयाचे कसे? सहज सुचणारा उपाय म्हणजे चंद्र काढून टाकणे. तेवढ्याने भागत नाही, आणि ते का भागत नाही हे मास्तरांच्याच पद्धतीने फळ्यावर मांडण्यासारखे आहे. सूर्याचे वस्तुमान चंद्राच्या सुमारे २ कोटी ७० लाख पट आहे, आणि तो चंद्राच्या सुमारे ३९० पट दूर आहे. भरती उत्पन्न करणारा जोर अंतराच्या वर्गाने नव्हे, घनाने घटतो, कारण पृथ्वीच्या अलीकडच्या बाजूवरील ओढ आणि पलीकडच्या बाजूवरील ओढ यांतील जी तफावत, तिच्यावर तो अवलंबून असतो. ३९० चा घन सुमारे ५ कोटी ९३ लाख येतो. भागाकार करा: सूर्याचा वाटा चंद्राच्या वाट्याच्या निम्म्याहूनही थोडा कमी, पण काही अगदी नगण्य नव्हे. म्हणून चंद्र नाहीसा झाला तरी लहानशी भरती उरेलच; उधाण आणि भांग हा पंधरवड्याचा फेर मोडेल, कारण तो दोघांच्या संगनमताने आणि विरोधाने होतो, आणि पाणी रोज घड्याळाच्या त्याच ठोक्याला चढेल. मास्तरांचे गणित तेव्हा निकामी होईल. तिथीच उरणार नाही, मग गुणावयाचे कशाला?

न्यूटनने १६८७ मध्ये या ओढीचा नियम सांगितला, आणि पुढे लाप्लासने दाखविले की ओढ आकाशातली असली तरी पाणी किती चढेल हे समुद्राच्या पात्राचा आकार ठरवितो. त्याची साक्ष काढावयास दूर जावयास नको. गोव्याच्या किनाऱ्यावर पाणी सुमारे दोन मीटर हलते; मुंबईस मोठ्या उधाणाला ते पाच मीटरांच्या जवळ जाते; आणि खंबायतच्या आखातात, निमुळत्या होत गेलेल्या त्या नरसाळ्यात, भावनगरच्या बाजूस दहा मीटरांच्याही वर चढते. चंद्र तोच, दर्या तोच. हा उत्तरेकडे वाढत जाणारा आकडा आपण लक्षात ठेवावा, कारण पुढे नुकसानीचा पंचनामा करावयाचा आहे तो त्याच मापाने करावा लागेल.

तेव्हा चंद्राला आणि सूर्याला त्यांच्या जागी राहू देऊन, समुद्रानेच एका रात्री त्यांचा हुकूम मानण्याचे नाकारले, असे धरून चालू. सकाळी पाणी कोठे उभे असेल? ते दूर गेलेले नसेल आणि गावात शिरलेलेही नसेल. ते मधोमध, सरासरीच्या पातळीवर उभे असेल. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला, ज्याचे बांधकाम शिवाजीमहाराजांनी १६८० साली सुरू करविले, आज ओहोटीला पायी जाता येते आणि भरतीला होडी करावी लागते. तिथली वाट ओहोटीचीच असल्यामुळे ती कायमची बुडेल आणि किल्ला बारमाही बेट होऊन बसेल. उलट मुंबईस हाजी अलीच्या दर्ग्याची वाट फक्त भरतीलाच पाण्याखाली जाते. ती कायमची उघडी राहील. एकीकडे वाट बंद, एकीकडे वाट खुली. आणि यातले कोणते चांगले हे ज्याचे त्याने ठरवावे.

पण या दोन वाटांच्या दरम्यान जी पट्टी आहे, दोन भरत्यांमध्ये उघडी पडणारी आणि दोन ओहोट्यांमध्ये झाकली जाणारी, तिच्याविषयी मला आज प्रामुख्याने बोलावयाचे आहे. ही पट्टी जमीन आहे की समुद्र? मोजणीखात्याच्या माणसाला विचारा. तो साखळी हातात घेऊन विचारात पडेल. मामलेदार कचेरीत तिचा सातबारा नाही आणि तिच्यावर कोणाचे नाव चढलेले नाही. १९९१ साली केंद्र सरकारने किनाऱ्याच्या नियमनाची जी अधिसूचना काढली, तिच्यात भरतीची रेषा आणि ओहोटीची रेषा या दोन रेषांमधली सगळी भूमी आणि भरतीच्या रेषेपासून आत ५०० मीटरांचा प्रदेश नियमनाखाली घेतला. म्हणजे कायद्याने किनाऱ्याची व्याख्या करावयास घेतली तेव्हा त्यालाही चंद्राचाच आधार घ्यावा लागला. दोन्ही रेषा एका रात्रीत एक झाल्या, तर त्या दिवशी कचेऱ्यांत जो गोंधळ उडेल त्याची कल्पना करा. भरतीची रेषा दर्याकडे सरकली, म्हणजे काल जेथे बांधता येत नव्हते तेथे आज बांधता येईल! दर्या थांबल्याची बातमी कोळ्याच्या आधी इमारती बांधणाऱ्यांस लागेल, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

या पट्टीचा एक तुकडा आपल्या पूर्वजांनी दर्याकडून मिळविलेला आहे, आणि त्याच्या मेहनतीची कहाणी आपल्या रायगड जिल्ह्याइतकी दुसरीकडे क्वचितच आढळेल. खारेपाटातील शेती म्हणजे खाजणाला बांध घालून, पावसाच्या गोड्या पाण्याने वर्षानुवर्षे मीठ धुऊन काढून, भाताला लायक केलेली जमीन. बांध घालणाऱ्यांना शिलोत्रीदार म्हणत, आणि बांधाची निगा हा त्यांच्या कौलाचा गाभा असे. पुढे १९४८ साली मुंबई सरकारने खारजमिनींचा स्वतंत्र कायदाच केला. या बांधाला जी उघाडी असते तिच्याकडे आपण कधी निरखून पाहिले आहे काय? बाहेरचे पाणी चढले की त्याच्याच दाबाने झडप मिटते, आणि बाहेरचे पाणी उतरले की आतल्या पावसाच्या पाण्याच्या दाबाने ती उघडते. दिवसातून दोनदा मिटणारा आणि दोनदा उघडणारा, पगार न मागणारा हा पहारेकरी चंद्राच्या नोकरीत आहे.

आता कबूल करणे भाग आहे की भरती थांबली तर खारेपाटातल्या शेतकऱ्याचे प्रथमतः भलेच होईल. उधाणाच्या रात्री बांध फुटून तीन वर्षांचे पीक गेल्याचे दुःख ज्यांनी सोसले आहे त्यांच्यापुढे भरतीची थोरवी गाणे मला शोभणार नाही. मुंबई महापालिकाही पेढे वाटील. त्या शहराचे पावसाचे पाणी समुद्रात सोडणाऱ्या १८६ मुखांपैकी सुमारे ४५ सरासरी पातळीच्या खाली आणि १३५ सरासरीच्या वर पण भरतीच्या पातळीखाली आहेत, असे २००५ च्या महापुरानंतर झालेल्या चौकशीत नमूद झाले. त्या २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि भर दुपारी समुद्र चढलेला होता. भरती नसती तर ती १३५ मुखे उघडी राहिली असती. हा जमेचा रकाना मी मुद्दाम आधी मांडला, कारण व्याख्यात्याने आपल्या विषयावर फार प्रेम केले की तो खर्चाचाच रकाना भरीत सुटतो.

आता खर्च. तो त्या मागच्या बाकावरच्या मुलाच्या घरापासून सुरू करतो.

त्याच्या घरी डोल होती. डोल म्हणजे लांबलचक शंकूच्या आकाराचे जाळे. त्याचे तोंड समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधतात आणि शेपूट प्रवाहात मोकळे सोडतात. येथे होडी माशाच्या मागे धावत नाही. जाळे एका जागी उभे राहते आणि भरतीचे व ओहोटीचे धावते पाणी मासळी त्याच्यात आणून टाकते. पाणी थांबले, पालटण्याच्या आधी क्षणभर सुस्तावले, की कोळी जाळे उचलतो. वेसावे, वसई, अर्नाळा, सातपाटीपासून आपल्या या किनाऱ्यापर्यंत बोंबील, जवळा, करंदी, मांदेली ही जी गरिबाच्या ताटातली मासळी, तिचा फार मोठा भाग या डोलींतून येतो. उधाणाच्या दिवसांत पाण्याला ओढ असते तेव्हा डोल भरते. भांगाच्या दिवसांत कोळी जाळी दुरुस्त करीत बसतो. त्याच्या घरचे लग्न, उधारी आणि शिमग्याचा खर्च पंधरवड्याच्या या चढउतारावर बसविलेला असतो. पाणी कायमचे सुस्तावले तर मासळी समुद्रात राहील, डोल पाण्यात राहील, आणि दोघांची गाठ पडणार नाही. दक्षिणेस, रत्नागिरी-मालवण-गोव्याकडे, जेथे भरती मुळातच लहान आहे आणि बांगडा व तारली ही मासळी पावसाळी वाऱ्याने खोल पाणी वर आणल्यामुळे पोसते, तेथे एवढा अनर्थ होणार नाही. मी मघाशी म्हटलेला पंचनामा तो हाच: जेथे पाणी जास्त चढते तेथील माणसाचा संसार त्याच्यावर जास्त उभा आहे.

मिठागरांची अवस्था थोडक्यात सांगतो. उधाणाचे पाणी फुकट आत घेऊन उन्हात आटविणे हा सगळा धंदा. पाणी चढलेच नाही तर ते पंपाने चढवावे लागेल, आणि मग मिठाच्या भावात तेलाचा भाव मिसळेल. बंदरांचेही तेच. मुंबईची १८८० ची प्रिन्सेस गोदी आणि १८८८ ची व्हिक्टोरिया गोदी यांत भरती साधूनच जहाजे आत येत. हुगळीच्या गाळातून कोलकात्यास जाणारे जहाज अजून पाण्याची वाट पाहते. आणि आमच्या वाडवडिलांचे पडाव व मचवे दाभोळहून वाशिष्ठीच्या पाण्यावर चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत भरतीबरोबर चढत आणि ओहोटीबरोबर उतरत. शिडाला वारा नसला तरी मालाची ने-आण होई, आणि हमालीचा एक पैसा चंद्र घेत नसे.

खाड्यांचे काय होईल, हे मात्र घाईने सांगण्यासारखे नाही. नदी गाळ आणते आणि समुद्र वाळू लोटतो. खाडीचे तोंड या दोघांच्या कचाट्यात असूनही उघडे राहते ते ओहोटीच्या जोरामुळे. दिवसातून दोनदा खाडीभर पाणी आत येते आणि दोनदा सगळे बाहेर धावते, तेव्हा ते पात्र खरवडून काढते. ती झाडलोट बंद पडली की उन्हाळ्यात तोंडावर वाळूचा दांडा चढू लागेल. ठाण्याची खाडी मुंबई, ठाणे व नवी मुंबई यांचे किती सांडपाणी पोटात घेते हे मी सांगावयास नको. तिला दुर्गंधीच्या डबक्याचे रूप आलेले नाही ते केवळ समुद्र तिला रोज दोनदा धुतो म्हणून. त्याच चिखलावर शिवडीपासून ऐरोलीपर्यंत हजारो रोहित पक्षी उतरतात, ज्यांच्यासाठी २०१५ साली तेथे अभयारण्य जाहीर झाले. चिखल उघडा पडल्याशिवाय त्यांना त्यात चोच घालता येत नाही, आणि तो पुन्हा झाकला गेल्याशिवाय त्यात खाण्यासारखे काही उरत नाही. तिवर, कांदळ आणि चिपी यांचेही असेच: तिवराची मुळे चिखलातून वर येऊन हवा घेतात, आणि ती हवा घेण्याची मुदत दोन भरत्यांच्या मधली असते. सरासरीच्या खाली उभी असलेली झाडे गुदमरतील. वरची कोरड्या, खाऱ्या फुटलेल्या जमिनीत वाळतील. कालवे, शिनाणे, तिसऱ्या, निवट्या यांनी निम्मा दिवस जमिनीवर आणि निम्मा पाण्यात काढण्याची जी विद्या युगानुयुगे साध्य केली, तिचा उपयोग करावयास जागाच राहणार नाही.

कोणी म्हणेल, भूमध्य समुद्र बहुतेक ठिकाणी जेमतेम वीत-दोन वीत चढतो. म्हणून काय त्याच्या काठच्या लोकांचे अडले? आक्षेप योग्य आहे. भरतीवाचून मनुष्य जगतो, मोठी साम्राज्येही उभारतो. पण त्या समुद्रावर वाढलेली माणसे आपल्या बाजूला आली तेव्हा काय झाले तेही पाहावे. इ. स. पूर्व ३२५ मध्ये सिकंदराचे आरमार सिंधूच्या मुखाशी आले असता ओहोटीने गलबते जमिनीवर टेकली, आणि ती अवाक् मंडळी कारणमीमांसा करीत असतानाच पाणी परत येऊन त्यांची भीती दुप्पट झाली, असे अरियनने लिहिले आहे. पुढे तीन-चार शतकांनी 'पेरिप्लस' नावाचे दर्यावर्दी मार्गदर्शक लिहिणाऱ्या ग्रीक व्यापाऱ्याने नर्मदेच्या मुखाची वर्णने जीव मुठीत धरून केली आहेत: समुद्रतळ एकाएकी दिसू लागतो, मग पाणी गर्जना करीत नदीत शिरते. आणि तोच पुढे सांगतो की भडोचच्या राजाच्या नोकरीतले स्थानिक कोळी 'त्रप्पग' आणि 'कोटिंब' नावाच्या होड्या घेऊन सौराष्ट्रापर्यंत सामोरे जात आणि परदेशी जहाजे भरती साधून आत आणीत. कल्याण आणि चौल यांची नावे घेणारा हाच ग्रंथ. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी भरतीचे ज्ञान ही या किनाऱ्यावर सरकारी पगार मिळवून देणारी विद्या होती. १८७८ पासून मुंबईस अपोलो बंदरावर पाण्याच्या उंचीची नोंद ठेवली जाऊ लागली, लॉर्ड केल्व्हिनने भरतीचे भाकीत करणारे चाकांचे यंत्र बनविले आणि पाठोपाठ हिंदुस्थानच्या बंदरांसाठीही तसे यंत्र झाले. पण त्या कोळ्यांचा वारसा मला मास्तरांच्या फळ्यावर अधिक स्पष्ट दिसतो.

किनारा सोडून खोल दर्यात गेलो तर हिशेब वेगळाच होतो. भरतीच्या घर्षणात पृथ्वीवर सुमारे ३७ लाख मेगावॉट इतकी शक्ती अव्याहत खर्ची पडते. तिचा बराच भाग उथळ समुद्रात जिरतो, परंतु काही भाग महासागराच्या तळावरील डोंगरांवर आपटून तेथील थंड पाणी वरच्या उबदार पाण्यात घुसळतो. ध्रुवांजवळ बुडालेले पाणी पुन्हा वर यावे यासाठी जी घुसळण लागते, तिचा सुमारे निम्मा भार भरती उचलते आणि उरलेला वारा, असा अंदाज मुंक आणि वुन्श या दोघा समुद्रशास्त्रज्ञांनी १९९८ साली मांडला. समुद्रमंथनातला एक पक्ष दोर टाकून निघून गेला तर मंथन मंदावेल. ते आपल्याला शतकांनी कळेल.

आणि दिवस? भरतीचे घर्षण पृथ्वीच्या फिरण्याला लावलेला लगाम आहे. हा तर्क कांटने १७५४ मध्ये केला होता. १९६३ साली वेल्स नावाच्या भूशास्त्रज्ञाने सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वीच्या पोवळ्यांच्या अंगावरील रोजच्या वाढीच्या बारीक रेघा मोजल्या, तेव्हा वर्षाला सुमारे ४०० भरल्या. म्हणजे तेव्हा वर्ष चारशे दिवसांचे होते आणि दिवस बावीस तासांचा. १९६९ मध्ये चंद्रावर ठेवून आलेल्या आरशांवरून मोजले, तर चंद्र दरसाल ३.८ सेंटिमीटर दूर जात आहे. भरती थांबली की हे दूर जाणेही थांबेल. चंद्राला आपल्याजवळ अडकवून ठेवण्याचा हा एकच उपाय आहे, पण ज्याच्यासाठी अडकवावयाचे ती भरतीच तेव्हा राहिलेली नसेल.

एक गोष्ट राहिली. भरती नसेल तर उत्साहाला उधाण कसे येईल, आणि वैभवाला ओहोटी कशी लागेल? सरकारी खात्यांतली भरती तेवढी चालू राहील. तीही पुष्कळदा तिथी पाहूनच निघते.

अध्यक्षमहाराज, माझ्या कागदाची पाने अजून चार शिल्लक आहेत. परंतु व्याख्यान सायंकाळी सहाचे न ठेवता पाचलाच का ठेवले, असे मी आल्याआल्या चिटणिसांना विचारले होते, तेव्हा ते नुसते हसून म्हणाले, "आज तिथी कोणती?" आज षष्ठी. साडेचारला पाणी पूर्ण चढले होते. आता ते उतरू लागून दीड तास झाला आहे. खाडीपलीकडच्या गावांहून आलेली मंडळी मागच्या रांगांत मघापासून चुळबुळ करीत आहेत ती माझ्या व्याख्यानाला कंटाळून नव्हे, असे मी समजतो. परतीची होडी अजून धक्क्याला लागलेली आहे. आठानंतर तिच्याखाली चिखल असेल. त्यांना आधी उठू द्यावे.